स्वतःशी बोलायची चैन कुणाला परवडते?

आमच्या वस्तीतल्या किशोरी गटाची बैठक दर शनिवारी दुपारी असते. बालवाडीची खोली त्या वेळी रिकामी असते, म्हणून. गेल्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी शरीराची ओळख करून देणारे तक्ते घेऊन गेले होते. ते भिंतीला लावायच्या आतच अकरावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, तक्ते नंतर. आधी हे ऐका.” आणि मोबाइलच्या वायरचं एक टोक तिने माझ्या कानात घातलं. दुसरं टोक तिच्या कानात होतं.

गाणं कोरियन भाषेतलं. मला एक शब्द कळला नाही. तिने मात्र त्याचा अर्थ वहीत मराठीत लिहून घेतला होता. इंग्रजी भाषांतर मिळवायचं, डिक्शनरी उघडायची आणि ओळ न् ओळ उतरवायची. दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेली मुलगी ही!

खरं सांगायचं तर मी मनातून वैतागले. एमएसडब्ल्यूच्या वर्गात आम्ही बाजारपेठ आणि करमणूक यांवर पुष्कळ चर्चा केल्या होत्या. गोऱ्यापान चेहऱ्यांच्या, रंगवलेल्या केसांच्या या मुलांमागे आपल्या मुली वेड्या होतात, हा त्या बाजाराचाच विजय, असं माझं मत तयारच होतं. त्यातच तिची आई नळावर भेटली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तिला जरा समजवा. त्या चिन्यांच्या नादाला लागलीय. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन रडत असते.”

ते चिनी नाहीत, कोरियन आहेत, एवढं मी आईला सांगितलं. पण ‘रडत असते’ हे शब्द माझ्याबरोबर घरी आले. ज्या मुलीला रोज भेटून मी दोन वर्षांत एकदाही रडताना पाहिलं नव्हतं, ती एका परक्या भाषेतल्या गाण्यापाशी रडते. मग ते गाणं नीट ऐकायला हवं, असं मी ठरवलं.

तो अल्बम होता ‘इंडिगो’. म्हणजे नीळ. गाणारा किम नामजून. जगाला तो आरएम या नावाने माहीत आहे. १९९४ सालचा जन्म, सोलजवळच्या इल्सानमध्ये वाढलेला, बीटीएस या सात मुलांच्या गटाचा म्होरक्या. जून २०१३ मध्ये या गटाचं पहिलं गाणं आलं आणि पुढच्या दहा वर्षांत तो जगातल्या सर्वात मोठ्या गायकगटांपैकी एक झाला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात उभं राहून तरुणांना ‘स्वतःबद्दल बोला’ असं सांगणारा तो हाच. ‘इंडिगो’ २ डिसेंबर २०२२ ला आला. दहा गाणी. आपल्या विशीच्या शेवटच्या वर्षांची ही नोंदवही आहे, अशा अर्थाने त्याने या अल्बमकडे पाहिलं आहे.

त्याआधी सहा महिने, जून २०२२ मध्ये, सातही मुलं एका जेवणाच्या टेबलाभोवती बसून बोलली, ते चित्रीकरण प्रसिद्ध झालं. त्यात नामजून जे म्हणाला त्याचा आशय असा, की या व्यवसायात माणसाला वाढायला वेळच मिळत नाही. सतत काहीतरी तयार करत राहावं लागतं. आपल्याला काय सांगायचं आहे तेच कळेनासं होतं. हे म्हणताना तो थकलेला दिसत होता, आणि मला तो एकदम ओळखीचा वाटला. आमच्या संस्थेत अहवाल लिहिण्याच्या दिवसांत आम्ही सगळ्याजणी अशाच दिसतो.

त्याच्या बोलण्यामागे कोरियातल्या करमणूक व्यवसायाची रीत आहे. तिथे मुलं-मुली शाळकरी वयात कंपन्यांकडे शिकायला जातात. वर्षानुवर्षं नाच, गाणं, चेहरा, वजन, बोलणं सगळं घडवलं जातं. करार इतके लांब आणि जाचक असत, की तिथले लोक त्यांना गुलामीचे करार म्हणत. तीन गायकांनी आपल्या कंपनीला कोर्टात खेचल्यावर मोठी चर्चा झाली आणि २००९ साली तिथल्या व्यापार आयोगाने नमुना करार आणून मुदत सात वर्षांवर आणली. अशा व्यवस्थेत ‘मी कोण’ हा प्रश्न विचारणं म्हणजे कारखान्यातल्या मालाने मालकाला प्रश्न विचारण्यासारखं आहे.

‘इंडिगो’त हा प्रश्न आहे. परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत दाटून येणारं एकटेपण आहे. आपण बदललो, माणसं बदलली, याची कबुली आहे. एका गाण्यात दोन प्रतिमा समोरासमोर येतात: क्षणभर आकाश उजळून विझणारी आतषबाजी आणि जमिनीवरचं रानफूल. त्याला रानफूल व्हायचं आहे. आमच्या मुलीच्या वहीत याच गाण्याचा अर्थ सर्वात नीट अक्षरात लिहिलेला होता.

पहिलं गाणं यून ह्योंग-कुन या चित्रकाराच्या नावाचं आहे. गाण्यात त्या चित्रकाराचा स्वतःचा आवाजही आहे. त्याची गोष्ट मुलींना सांगावी अशी आहे. जन्म १९२८ चा. कोरियन युद्धाच्या सुरुवातीला मरता मरता वाचला. पुढे तुरुंगवास झाला. १९७३ साली तो मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होता. वशिल्याने दिलेल्या एका प्रवेशाबद्दल त्याने प्रश्न विचारला, म्हणून त्याला पुन्हा तुरुंगात टाकलं. त्यानंतर त्याच्या चित्रांतले बाकीचे रंग गेले. मातीचा तपकिरी आणि गडद निळा, दोनच उरले. एक पृथ्वीचा, एक आकाशाचा, असं तो म्हणे. दोन्ही एकत्र करून तो कॅनव्हासवर जवळजवळ काळे उभे पट्टे ओढत राहिला. २००७ साली तो गेला. त्याचं एक निळं चित्र ‘इंडिगो’च्या मुखपृष्ठावर भिंतीला टांगलेलं दिसतं. जगभर नाव झालेला एक तरुण आपलं मन उघडताना अन्यायाविरुद्ध तोंड उघडलेल्या एका म्हाताऱ्या मास्तरापाशी जातो, हे मला आवडलं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, बाई भाळली! आमच्या बैठकीतही मैत्रिणी हेच म्हणाल्या. एकीने विचारलं, “पैसा, प्रसिद्धी, एकांत सगळं असलेला पुरुष अंतर्मुख झाला, यात विशेष काय? आणि त्या उदासीचीसुद्धा विक्रीच होते ना?” प्रश्न रास्त आहे. त्याची कंपनी २०२० पासून शेअर बाजारात आहे. ‘इंडिगो’ अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. एकटेपणाची गाणीही लाखोंनी विकली जातात आणि त्यातला मोठा वाटा कंपनीकडे जातो, हे डोळ्याआड करून चालणार नाही.

दुसरा आक्षेप आणखी गंभीर आहे. हाच मुलगा विशीच्या सुरुवातीला काय गात होता? या गटाचं २०१४ सालचं एक गाणं आणि २०१५ च्या त्याच्या स्वतःच्या गीतसंग्रहातलं एक गाणं बायकांना वस्तू मानणारं, त्यांची टिंगल करणारं होतं. आपल्याकडच्या अनेक गाण्यांसारखंच. फरक एवढाच, की तिथे ते खपून गेलं नाही. आणि ते खपू दिलं नाही कुणी? त्यांच्याच चाहत्या मुलींनी. ‘किंचाळणाऱ्या पोरी’ म्हणून ज्यांची जगभर टर उडवली जाते, त्यांनी. कोरियन मुलींनी त्या ओळी एकत्र केल्या, आक्षेप लिहून काढले आणि उत्तर मागितलं. बाकीच्या चाहत्यांच्या शिव्या खाऊन मागितलं. जुलै २०१६ मध्ये कंपनीला निवेदन काढून माफी मागावी लागली. पुढे गाण्यांचे शब्द स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडून तपासून घेतल्याचं नामजूनने सांगितलं.

मला हा सगळा प्रकार ‘इंडिगो’इतकाच महत्त्वाचा वाटतो. पुरुष अंतर्मुख होतो तो एकट्याने, रात्री, खिडकीपाशी बसून, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात बरेचदा कुणीतरी बाई त्याला आधी हटकते. घरात, संघटनेत, चळवळीत आपण हे पाहिलेलं आहे. कार्यकर्ता नवरा स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागतो, तेव्हा त्यामागे बायकोची दहा वर्षांची भांडणं असतात. कौतुक मात्र त्याचं होतं. म्हणून नामजूनच्या आत्मपरीक्षणाचं श्रेय द्यायचं, तर त्यातला अर्धा वाटा त्या मुलींच्या पदरात टाकायला हवा. त्याने ऐकलं, हे त्याचं. त्यांनी विचारलं, हे त्यांचं.

आता त्याच देशातल्या बायकांकडे वळते. चो नाम-जू या लेखिकेची ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही कादंबरी २०१६ साली आली. एका साध्यासुध्या मध्यमवर्गीय बाईला शाळेत, नोकरीत, लग्नात, आईपणात जे सोसावं लागतं त्याची ती कथा. २०१८ पर्यंत तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. मार्च २०१८ मध्ये आयरीन या गायिकेने चाहत्यांच्या एका भेटीत सांगितलं, की मी हे पुस्तक वाचलं. बस्स, इतकंच. पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो फाडले, जाळले आणि ते दृश्य इंटरनेटवर टाकलं. नामजूननेही हेच पुस्तक वाचल्याचं सांगितलं होतं. त्याचा फोटो कुणी जाळला नाही. पुस्तक एकच. वाचणारा पुरुष असेल तर तो संवेदनशील, आणि वाचणारी बाई असेल तर ती पुरुषद्वेष्टी!

सल्लीची गोष्ट तर याहून जिव्हारी लागणारी. लहानपणापासून पडद्यावर काम करणारी, २००९ पासून एका गायिकांच्या गटात असलेली, २०१५ ला तो गट सोडलेली ही मुलगी. ब्रा घालायची की नाही हे माझं मी ठरवीन म्हणाली, म्हणून वर्षानुवर्षं शिव्या खाल्ल्या. ११ एप्रिल २०१९ ला कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने गर्भपातबंदीचा कायदा घटनेशी विसंगत ठरवला, तेव्हा तिने उघडपणे आनंद व्यक्त केला. पुन्हा शिव्या. त्याच वर्षी ती दूरदर्शनवरच्या अशा एका कार्यक्रमात होती, जिथे कलाकारांनी स्वतःवरच्या घाणेरड्या शेऱ्यांचं वाचन करायचं. जूनच्या शेवटी तिची स्वतःची तीन गाणी आली. शब्द लिहिण्यातही तिचा हात होता. आपल्या आत एकापेक्षा जास्त माणसं राहतात की काय, असा प्रश्न त्यात होता. म्हणजे तिनेही आत डोकावून पाहिलंच होतं. १४ ऑक्टोबर २०१९ ला ती गेली. पंचवीस वर्षांची होती.

तिच्या मृत्यूचं एकच कारण सांगता येणार नाही. कुठल्याच अशा मृत्यूचं येत नाही, हे आमच्या कामात आम्ही शिकलो आहोत. पण एवढं तर म्हणता येईल, की पुरुषाने मन उघडलं की त्याला कलावंत म्हणतात, आणि बाईने उघडलं की तिला निर्लज्ज नाही तर वेडी म्हणतात. ओईसीडीच्या सदस्य देशांमध्ये बायका-पुरुषांच्या मिळकतीतली सर्वात मोठी तफावत कोरियात आहे. २०२२ साली ती ३१ टक्क्यांच्या आसपास होती. हातातल्या पैशात जी तफावत, तीच स्वतःशी बोलण्याच्या मुभेतही दिसते.

आता आमच्या वस्तीत परत येते. कारण गणेशोत्सव संपल्यावर एक गोष्ट घडली.

ती मुलगी तीन शनिवार आली नाही. चौथ्या शनिवारी आली, पण वही नव्हती. विचारलं तर गप्प. मागून मैत्रिणीने सांगितलं. भावाला वही सापडली. गाण्यांच्या अर्थांच्या मागच्या पानांवर तिने स्वतःचं काही लिहिलं होतं. भावाने ते मित्रांना मोठ्याने वाचून दाखवलं. वडिलांनी वही फाडली आणि मोबाइल काढून घेतला. “घरात खायला आहे, शाळेत घालतोय, हिला कसलं आलंय दुःख?” असं ते म्हणाले म्हणे.

तिचं घर मी पाहिलेलं आहे. दहा बाय बाराची खोली, माणसं सहा. सकाळी पाण्याची रांग, मग संडासाची रांग, मग कॉलेज, परत आली की भांडी आणि धाकट्याचा अभ्यास. दिवसातली एकटीची जागा कोणती, तर पांघरूण. त्या पांघरुणात ती ‘इंडिगो’ ऐकत होती. मी ज्याला बाजाराचा विजय समजत होते, ती त्या मुलीने स्वतःसाठी काढलेली हातभर जागा होती. कोरियन कळत नाही, हेच बरं होतं. घरात कुणालाच ते कळत नव्हतं. ती मराठीत लिहायला लागली आणि पकडली गेली.

वडील वाईट नाहीत. बिगारी काम करतात, दारू पीत नाहीत. त्यांनाही कधी कुणी विचारलं नसेल, की बाबा रे, तुझ्या मनात काय चाललंय. मुलीचं मन ही घरातली सर्वांच्या मालकीची वस्तू आहे, एवढंच त्यांना ठाऊक. आणि प्रामाणिकपणे सांगू? माझ्या घरीही फार वेगळं नाही. लग्नाआधी मी रोजनिशी लिहीत असे. लग्नानंतर कुणी मनाई केली नाही. पण ‘काय लिहितेस गं?’ असं सहज विचारलं गेलं, दोन-तीनदा, आणि माझं लिहिणं आपोआप थांबलं. त्या मुलीची वही फाडली तेव्हा मला माझी वही आठवली.

मी संस्थेच्या बैठकीत विषय मांडला: किशोरी गटासाठी एक पत्र्याची ट्रंक घ्यायची, कुलपाची. ज्या मुलीला हवं तिने आपली वही त्यात ठेवायची. आणि शनिवारच्या दोन तासांतला एक तास काहीही शिकवायचं नाही. लिहा, चित्र काढा, गाणं ऐका, नुसत्या बसा. चर्चा बरीच तापली. पालक भांडायला आले तर? एखादीने प्रेमप्रकरण लिहिलं तर? सर्वात अवघड प्रश्न कायद्याचा निघाला. २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. मग वहीतलं गुपित आणि हे बंधन यांचा मेळ कसा घालायचा? शेवटी आम्ही असं ठरवलं, की वह्या आम्ही वाचणार नाही. आणि मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं: तुम्ही आम्हाला येऊन सांगितलंत, तर काही गोष्टींत आम्हाला पुढे पाऊल टाकावंच लागेल, पण तुम्हाला विश्वासात घेऊनच टाकू. पालकांची बैठक घेऊन ट्रंक दाखवली. चार आया कुरकुरल्या. एका आईने मात्र हळूच विचारलं, “बायांना ठेवता येईल का हो यात वही?” तिला लिहिता येत नाही. काय ठेवणार, हे मी विचारलं नाही.

खर्च किती आला? ट्रंक, कुलूप, पंचवीस वह्या. एका प्रशिक्षणाच्या चहा-नाश्त्यापेक्षा कमी. पण निधी देणाऱ्यांच्या अहवालात हे कोणत्या रकान्यात लिहायचं, ते अजून सुचलेलं नाही. ‘लाभार्थींनी एक तास काहीही केले नाही’ असं लिहायची माझी फार इच्छा आहे.

आपल्या चळवळीने बायकांना बोलतं केलं. शिबिरांमध्ये, मोर्चांमध्ये, कोर्टात. ते फार मोठं काम आहे. पण बोलण्याआधी बाईला स्वतःशी बोलता यावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी जागा, वेळ आणि कुलूप आपण मागण्यांच्या यादीत कधी घातलं नाही. शौचालय मागितलं, पाळणाघर मागितलं. ते मागायलाच हवं होतं. त्याच यादीत आता हेही घालूया. अंतर्मुख होणं ही श्रीमंतांची चैन आहे असं म्हणून सोडून दिलं, तर ती खरोखर त्यांचीच राहील.

‘इंडिगो’ आला त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२३ मध्ये, नामजून सक्तीच्या लष्करी सेवेत गेला आणि जून २०२५ मध्ये परतला. मधल्या काळात त्याचा आणखी एक अल्बम आला. तो कसा आहे, ते मला मुलींनीच सांगितलं. यादीत आता त्यांनी काही गायिकाही घातल्या आहेत, सल्लीही आहे. मीच तिची गोष्ट सांगितली होती. ती ऐकून खोलीत बराच वेळ कुणी बोललं नव्हतं.

ती मुलगी आता पुन्हा येते. मोबाइल अजून मिळालेला नाही. मैत्रिणीच्या वायरचं दुसरं टोक तिच्या कानात असतं. तिची नवी वही ट्रंकेत आहे, अगदी तळाशी. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, आणि माहीत नसल्याचा मला आनंद आहे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे मुलींना, बायांना अशी जागा आहे का? कशी केलीत? कुठे अडलं? आणि तुमची स्वतःची वही कुठे आहे? जरूर लिहून कळवा.